कऱ्हेच्या वाळूतल्या फटफट्या

फाल्गुन सरत आला की कऱ्हेचं पाणी आधी डबक्यांत उरतं आणि मग डबक्यांतूनही जातं. सकाळी बाजाराला जाताना मी अजून पुलावर थांबतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला थांबायला कारण लागत नाही; लोकांना वाटतं, दम लागला असेल. खाली बघितलं की वेडी बाभूळ दिसते, खडक दिसतो, कुणी तरी टाकलेली फुटकी कौलं दिसतात. वाळू दिसत नाही. ती कधीच ट्रकांत भरून घरांच्या भिंतींत गेली. आमच्या जळोचीतल्या नव्या घरांच्या गिलाव्यातसुद्धा ती असणार. पण उन्हं अशी तिरपी आली, करंजाला पोपटी पालवी फुटली आणि वाऱ्याला तापल्या दगडाचा वास यायला लागला, की माझ्या नाकात दुसराच एक वास उठतो. पेट्रोल, जळकं तेल आणि पहाटेची ओली वाळू.

तेव्हा कऱ्हेत वाळू होती. कऱ्हाटीच्या खालच्या अंगाला नदी दीडएक मैल सरळ धावत होती आणि उन्हाळ्यात तेवढं सगळं पात्र वाळूनं भरलेलं असायचं. सूर्य वर येईपर्यंत ती वाळू दबून घट्ट असायची. पायाखाली भाकरीच्या पिठासारखी बसायची. दहा वाजले की ती मोकळी व्हायची आणि मग बैलगाडीचं चाकसुद्धा रुतायचं. आमच्या शर्यतीला म्हणून सकाळचे दोन-तीन तासच मिळायचे, आणि वर्षातले फार तर दोन महिने.

शर्यत बैलांची नव्हे. फटफट्यांची.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर लष्करानं जुनी वाहनं भंगारात काढली. त्यातल्या दोन फटफट्या फिरत फिरत आमच्याकडे आल्या, एक माझ्याकडे, एक मारुतीकडे. माझं नाव सदाशिव. आमचा जळोचीला मळा. वांगी, पेरू, थोडी काकडी. मारुती सणसरचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि त्याच्या बापानं काठी ठेवून नांगर धरला. आमची ओळख बारामतीच्या बाजारात झाली, माझ्या पेरूच्या पाटीवरून. एक पेरू खाऊन तो म्हणाला, "गोड हाय, पर आमच्याकडचा जास्त गोड." त्याच्याकडे पेरूचं एकही झाड नव्हतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर दोस्ती पक्की झाली होती.

फटफट्या आल्या तेव्हा त्या फटफट्या नव्हत्याच. खाकी रंगाचा सांगाडा, गंजलेली टाकी, आत चिमणीनं केलेलं घरटं. त्यांना जीव आणला गणपततात्यांनी. तात्या लढाईत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. परतल्यावर त्यांनी बारामतीत भिगवण रस्त्याला पत्र्याची एक शेड टाकली आणि तालुक्यातली पाण्याची इंजिनं दुरुस्त करायला लागले. बोलणं कमी. इंजिनाला कान लावून ऐकायचे, डॉक्टर छातीला लावतात तसा, आणि मग एकच शब्द सांगायचे: "प्लग." किंवा "हवा." किंवा नुसतंच "मेलंय."

मारुतीच्या गाडीचा आवाज जड, घशातून येणारा. तात्यांनी तिला रेडा म्हटलं. माझी हलकी, सारखी तडतडणारी. नदीतल्या पक्ष्यावरून ती टिटवी झाली.

गाडी चालवणं ही अर्धीच गोष्ट होती. खरी मजा तिला घडवण्यात. मी मडगार्ड काढून टाकले, सायलेन्सर आखूड केला, कार्बुरेटरचं भोक सुईनं जरा जरा मोठं करत गेलो. प्रत्येक वेळी प्लग काढून बघायचा. काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी, आणि विटकरी रंगाचा निघाला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. तिकडे मारुतीनं मागच्या चाकाचं दातेरी चक्र बदलून घेतलं आणि रेडा सुटतानाच माझ्या पुढं जायला लागला. मग मी चाकांतली हवा कमी केली, टायर वाळूवर पसरला, पकड आली. आठ दिवसांत त्यानंही हवा कमी केली. आम्ही एकमेकांच्या शेडमध्ये बसून चहा प्यायचो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकांच्या गाड्या वाचायचो. तात्या दोघांना सारखंच शिकवत. आज मला काही शिकवलं, तर उद्या तेच त्याला. तक्रार केली तर म्हणत, "गाडी दोघांची सारखी झाली, म्हंजे मग माणूस दिसंल."

तेव्हा हे बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं.

पहिल्या वर्षी मारुती जिंकला. दुसऱ्या वर्षीही तोच. दुसऱ्या वेळी मी चार हातांनी हरलो. शेवटाला काठावर जे करंजाचं झाड होतं, त्याच्या सावलीत मारुतीचं पुढचं चाक आधी शिरलं. कऱ्हाटीची माणसं, आमच्या जळोचीची माणसं, सगळी काठावर बसलेली. त्यानंतर वर्षभर कुणीही भेटलं की विचारायचं, "काय सदा, टिटवी अंडी घालती का आता?" मी हसायचो. घरी येऊन पाने-पकडी पुसत बसायचो. तेवीस-चोवीसचं वय आणि हरणं, हे एकाच अंगात मावत नाहीत.

तिसऱ्या वर्षी मी सगळा हिवाळा टिटवीला दिला. इंजिनाचं डोकं कानशीनं घासून घासून खाली आणलं, म्हणजे आतला दाब वाढतो. प्लगला ठिणगी देणारा मॅग्नेटो तात्यांकडून दोनदा बांधून घेतला. होळी झाली, रंगपंचमी झाली, नदी आटली. शर्यतीचा दिवस ठरला. आदल्या दुपारी मी सणसरला गेलो. निमित्त काहीच नव्हतं. त्याची गाडी बघायची होती, बस.

मारुती उसाला पाणी द्यायला गेला होता. त्याची बायको हिरा घरात होती. कडेवर सहा-सात महिन्यांचं पोर. "बसा भावजी, येतीलच," असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. रेडा अंगणात लिंबाखाली उभा होता. पुसून लख्ख केलेला. मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. साखळी घट्ट. टायर नवा. मग मी वाकून पुढचं चाक धरणारा चिमटा बघितला, आणि डाव्या बाजूला, जिथं नळी जाड लोखंडात शिरते तिथं, रंगावर एक रेघ दिसली. केसाएवढी. तांबूस.

तात्यांनी हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. रंगाला ओरखडा पडला तर खालचं लोखंड चमकतं. पण रेघेतून गंज बाहेर येत असेल, तर लोखंडच आतून उघडलेलं असतं.

मी बोटानं पुसून बघितलं. बोटाला तांबूस लागलं.

हिरा चहा घेऊन आली. गुळाचा, आलं घातलेला. माझ्या हातात कप देऊन ती गाडीकडे बघत म्हणाली, "तुमाला त्यातलं कळतं, भावजी. समदं नीट हाय न्हवं? मला लई भ्या वाटतं त्या उंबऱ्याचं."

उंबरा म्हणजे आमच्या धावेच्या मध्यावर वाळूतून वीतभर वर आलेली काळ्या खडकाची पट्टी. तिच्यावरून गाडी उडायची आणि पुढं वाळूत आदळायची.

मी म्हणालो, "नीट हाय, वहिनी."

दोनच शब्द. आज इतक्या वर्षांनी मी त्या क्षणाच्या आत शिरून बघतो, तर तिथं कुणी दुष्ट माणूस बसलेला सापडत नाही. एक दमलेला, चिडलेला, दोनदा हरलेला पोरगा सापडतो. त्याच्या डोक्यात पटपट हिशेब चालला होता: ओरखडाच असेल, असली चीर वर्षभर टिकते, मारुतीला स्वतःला दिसली असेलच, आणि सांगितलं तर उद्याची शर्यत होणार नाही, पुन्हा वर्षभर थांबायचं, पुन्हा टिटवीची अंडी. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला ते खोटं वाटतच नाही, एवढं मला त्या अंगणात कळलं. चहा मात्र मी अर्धाच प्यालो.

मारुती आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "बगून घे बगून घे. उद्या मागूनच बगायचाय." आम्ही हसलो. मी परत आलो.

सकाळी वाळू छान दबलेली होती. दोन्ही काठांवर माणसं. धोतरं, मुंडाशी, टोपल्या, शेतावर जाता जाता थांबलेल्या बाया. तात्यांनी उपरणं खाली टाकलं आणि आम्ही सुटलो.

त्या दिवशी टिटवी अशी पळाली, तशी ती आधी कधी पळाली नव्हती. आवाजात एकही अडखळ नाही. पाव मैलातच मी रेड्याच्या बरोबरीला आलो. इतके दिवस ज्यासाठी झटलो ते हातात आलं होतं, आणि मला ते दिसतच नव्हतं. मी समोर बघत नव्हतो. मी त्याच्या पुढच्या चाकाकडे बघत होतो. ते थरथरत होतं. वाळूत सगळ्याच चाकांना थरथर असते, पण ही थरथर एका बाजूची होती, लंगड्या माणसाच्या पावलासारखी. मारुती टाकीवर वाकलेला, डोळे बारीक, ओठांवर हसू. उंबरा समोर होता. दोनशे पावलं. मग दीडशे.

मी ओरडलो. दोन इंजिनांच्या आवाजात माझं ओरडणं मलाही ऐकू आलं नाही.

मग मी हँडलची मूठ पूर्ण पिळली, त्याच्या हातभर पुढं गेलो आणि हँडल वळवून त्याच्या आडवा आलो. त्याला वळावंच लागलं. दोन्ही गाड्या पात्राच्या कडेच्या भुसभुशीत वाळूत शिरल्या आणि आम्ही दोघं दोन बाजूंना पडलो. टिटवीचं हँडल माझ्या बरगडीत लागलं. मारुतीचा खांदा सोलून निघाला. बाकी काही नाही. इंजिनं बंद पडली आणि एकदम इतकं शांत झालं, की काठावरच्या कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं ऐकू आलं.

मारुती उठला. अंगावरची वाळूही त्यानं झटकली नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हरायची येवढी भीती व्हय रं तुला?"

काठावरून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मी त्याच्या रेड्याकडे बघितलं. चिमटा वाळूनं आणि तेलानं माखला होता. काही दिसत नव्हतं. बोट दाखवून सांगता आलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता: तुला कधीपासून ठाऊक? लबाड म्हणून उभं राहणं मला त्या उत्तरापेक्षा सोपं वाटलं.

"टिटवी घसरली," मी म्हणालो.

तो थुंकला आणि गाडी ढकलत निघून गेला.

चार दिवस मी मळ्याबाहेर पडलो नाही. वांग्यांना पाणी दिलं, बांध सारखे केले, नसलेलं तण काढलं. घरात कुणी काही विचारलं नाही. गावानं सगळं सांगितलेलंच होतं. आठवतो तो झाडावरच्या होल्यांचा घुमण्याचा आवाज, दुपारभर चाललेला, आणि बरगडीतली कळ. श्वास घेतला की ती दुखायची आणि मला बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी सकाळी वाकलेलं हँडल सरळ करायला मी तात्यांच्या शेडवर गेलो. तात्यांनी हँडल बघितलं, मला बघितलं आणि काम चालू ठेवत म्हणाले, "गाडी घसरली न्हवती तुजी."

मी फडकं घेऊन हँडल पुसायला लागलो.

"चाकाची खूण म्या बगून आलो तितं. घसरल्यावर वाळू पसरती. ही वळवल्याली व्हती. कशापायी वळवलीस ते तुजं तुला ठाऊक." मग वर न बघता, "मारुती आज जेवून निघणार हाय म्हणं. हिराला आन् पोराला घिऊन, इंदापूरच्या पल्याड, तिच्या म्हायारी. रेड्यावरनंच."

मी तिथली कुणाची तरी सायकल उचलली. विचारलं की नाही तेही आठवत नाही. कालव्याच्या कडेची वाट सरळ सणसरला जाते. एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस, मधे मी. वाटेत साखर कारखान्याचं बांधकाम चालू होतं. विटांचे ढीग, चुन्याच्या घाण्या. कुणी हाक मारली, मी थांबलो नाही. बरगडीनं प्रत्येक पायडलाला हिशेब मागितला. मनात एकच होतं: पोहोचेपर्यंत निघाले नसू देत.

निघाले नव्हते. रेडा अंगणाबाहेर तोंड करून उभा होता. मागच्या बैठकीवर दुपटं दुमडून ठेवलेलं. हिरा नव्या लुगड्यात, पोराच्या डोळ्यांत काजळ. मारुतीनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी सायकल टाकली. "मारुत्या, गाडी काढू नगं. चिमटा चिरलाय."

"काय?"

"डाव्या अंगाला. वरच्या बाजूला. म्या बगितलाय."

तो खाली बसला, फडक्यानं वाळू पुसली. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, अगदी हळू, "कवा बगितलास?"

मला खोटं बोलता आलं असतं. शर्यतीत दिसला, असं म्हणता आलं असतं. ते निम्मं खरंही होतं. पण दारात हिरा उभी होती.

"आदल्या दिवशी. वहिनींनी इचारलं तवा मला ठावं व्हतं."

मारुती उठला, घरात गेला, घण घेऊन आला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला चिमटा काडकन तुटला आणि पुढचं चाक लुळं पडलं. तुटलेल्या लोखंडाचा आतला भाग दिसला. दोन बोटं गंजून काळा झालेला, आणि फक्त एका कडेला, नखाएवढा, पांढरा चमकणारा. एवढ्यावर ते चाक उभं होतं. एवढ्यावर ती तिघं निघाली होती.

हिरानं पोराला छातीशी धरलं. माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि आत गेली.

मारुती घण टेकवून उभा होता. म्हणाला, "नदीत आडवा आलास त्याचं मला काय न्हाय. त्यानं वाचलोच म्या. पर माज्या घरचा च्या पिऊन गेलास, सदा. तवा का न्हाय बोललास?"

मी सायकल उचलली आणि आलो तसा परत गेलो. तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हँडल सरळ करून दिलं आणि म्हणाले, "दुकत असंल तर बरगडीला शेक दे."

मग एक वर्ष. पाऊस आला, कऱ्हा दोन वेळा भरली, पेरूचा बहार आला. बाजारात मारुती दिसायचा. मी दिसलो की तो दुसरीकडे वळायचा नाही, पण बोलायचाही नाही. झाडाजवळून जावं तसा माझ्याजवळून जायचा. त्यानं तात्यांकडून नवा चिमटा बसवून घेतल्याचं कळलं. मी टिटवीला पोतं गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. कधी कधी पोतं बाजूला करून नुसता वास घ्यायचो. वर्षभरात एवढं समजलं, की शर्यत माझी टिटवी आणि त्याचा रेडा यांच्यात कधी नव्हतीच. बाजारात पेरू खाऊन "आमच्याकडचा जास्त गोड" म्हणणारा तो दोस्त समोर असायचा, म्हणून जिंकण्यात चव होती. एकट्यानं त्या वाळूत कितीही पळवली असती, तरी ती नुसती धूळ झाली असती.

पुन्हा फाल्गुन सरला. एका दुपारी मी वांगी तोडत होतो आणि बांधापलीकडून तो आवाज आला. जड, घशातून येणारा. मी पाटी खाली ठेवली.

मारुतीनं रेडा चिंचेखाली उभा केला. उतरला, कमरेच्या पिशवीतून पाना काढला आणि माझ्यापुढं धरला.

"बगून दे. हिरा म्हणली, दाखवायची तर त्यास्नीच दाखवा."

मी पाना घेतला. हात मातीचे होते, ते आधी धुवून आलो. मग मी ती गाडी बघितली. पुढून, मागून, खाली झोपून, चाकाची एकेक तार वाजवून, एकेक नट हातानं चाचपून. उन्हं चिंचेच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. तो बांधावर बसून गवताची काडी चावत होता. एकदाही घाई कर म्हणाला नाही.

"साखळीची एक कडी झिजलीय," मी म्हणालो.

"आनि?"

"मागच्या चाकाच्या दोन तारा ढिल्या. ब्रेकची दोरी बदल."

"आनि?"

"आनि काय न्हाय. चिमटा चांगला हाय. धा वर्सं जाईल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. तशी नजर कुणी माझ्यावर तेवढा वेळ आधी रोखली नव्हती, नंतरही नाही. मग त्यानं पाना घेतला, तारा आवळल्या, साखळीत तेल सोडलं. उरलेलं उद्या तात्यांकडे करू म्हणाला. गाडीला लाथ मारून ती चालू केली आणि बसला. आणि जागा करून पुढं सरकला.

"बस मागं."

मी त्याच्या मागं कधी बसलो नव्हतो. तीन वर्षं मी त्याची पाठ धुळीतून बघितली होती. आता ती वीतभर अंतरावर होती, घामानं भिजलेली. आम्ही मळ्यातून, जळोचीच्या रस्त्यानं, नदीच्या उतारानं खाली पात्रात उतरलो. संध्याकाळची वाळू अजून तापलेली होती, मोकळी होती. चाक डुलत होतं. त्यानं गाडी सरळ कऱ्हाटीच्या दिशेनं घातली आणि वेग वाढवत नेला. वारा कानात भरला. मी दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले.

मान न वळवता तो ओरडला, "भ्या वाटतंय का रं?"

मी ओरडून म्हणालो, "व्हय! लई!"

"खरं बोललास. मंग आलास तू ठिकाणावर," मारुती म्हणाला, आणि त्यानं मूठ पिळली.